ताळेबंद जुळला, काटा हलला नाही: एका हिशेबनिसाच्या वजनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी माझं आहार-सल्ल्याचं छोटं केंद्र आहे, तिथं एक गृहस्थ आले. काखेत लाल बाडाची लांबट वही होती. एका पतसंस्थेत ते वरिष्ठ लेखापाल. त्यांना इथे भाऊसाहेब म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४७, उंची १६८ सेंटिमीटर. जूनमध्ये वजन ९१.२ किलो होतं. रक्तदाबाची गोळी चालू होती. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा, ६.३ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, दहा किलो उतरवा. भाऊसाहेबांनी त्याच रात्री मोबाइलवर कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं. पण अ‍ॅपवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता, म्हणून रोज झोपताना तेच आकडे वहीतही उतरवत. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक.

हिशेब सरळ होता. अ‍ॅपच्या मते त्यांचा रोजचा खर्च २,२५० कॅलरी. खाणं १,४०० वर आणलं की रोजची तूट ८५०, महिन्याची २५,५००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, तेव्हा महिन्याला ३.३ किलो उतरायला हवं. पहिल्या महिन्यात उतरलं ३.४. ताळा जुळला.

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, सगळ्यात मोठं नुकसान त्या पहिल्या महिन्याच्या यशानं केलं. खाणं एकदम कमी केलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, उतरतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे जवळजवळ तीन ग्रॅम पाणी जातं. त्या ३.४ किलोंत पाण्याचा वाटा चांगलाच असणार. आकडा योगायोगानं बरोबर आला, आणि भाऊसाहेबांचा सूत्रावर विश्वास बसला.

अडचण

दुसऱ्या महिन्यात १.१ किलो, तिसऱ्यात ०.३, त्यानंतर शून्य. माझ्याकडे आले तेव्हा वजन ८६.४ होतं आणि आठ आठवडे ते तिथंच होतं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"मॅडम, पाच महिन्यांत साडेसोळा किलो जायला हवे होते. गेले पावणेपाच. अकरा-बारा किलोंची तफावत आहे. आमच्या संस्थेत एवढी तफावत निघाली असती तर चौकशी लागली असती."

वही पाहण्यासारखी होती. एक दिवस चुकलेला नाही. गणपतीतले मोदक आहेत, दिवाळीतल्या चकल्या आहेत, "कार्यालयात वाढदिवस, केक, १ तुकडा" अशीही नोंद आहे. त्यांचा प्रश्न एकच होता: कॅलरीचं गणित खोटं आहे, की माझं शरीर वेगळं आहे?

समोर असलेले पर्याय

स्वतः भाऊसाहेबांना १,४०० चे १,००० करायचे होते. तूट वाढवली की काटा हलेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे मेहुणे भात-भाकरी पूर्ण बंद करून नऊ किलो उतरले होते, त्यामुळे घरात त्याही बाजूनं जोर होता. तिसरा पर्याय तपासण्यांचा. तो डॉक्टरांशी बोलून लगेच उरकला. थायरॉइड ठीक, मूत्रपिंडासाठीचं क्रिएटिनिन ठीक. (थायरॉइड मंदावल्यानं वजन वाढतं हे खरं, पण ते बरंचसं मीठ आणि पाणी असतं आणि सहसा दोन-चार किलोंच्या घरातलं. पंधरा-वीस किलोंचं खापर त्यावर फोडता येत नाही, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं.)

१,००० ला मी सरळ नकार दिला. या वजनाच्या माणसाचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी सूत्रानुसार सुमारे १,७०० कॅलरी खर्चतं. एवढं कमी खाऊन वरून दिवसभर काम करायचं, तर स्नायू झिजतात आणि महिन्या-दोन महिन्यांत माणूस फरसाणाच्या डब्याशी सापडतो.

उरला चौथा पर्याय, वही तपासायचा. तो मी घेतला, पण चुकीच्या पद्धतीनं.

पहिला निर्णय आणि माझी चूक

१९९२ मध्ये अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास झाला. "आम्ही हजार-बाराशेच कॅलरी खातो, तरी वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्यांचा ऊर्जाखर्च त्यात खुणेचे अणू असलेलं खास पाणी पाजून मोजला. त्यांचं शरीर अगदी सामान्य निघालं. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. हा अभ्यास माझ्या डोक्यात पक्का बसला होता. म्हणून पहिल्याच भेटीत मी बोलून गेले, "भाऊसाहेब, वहीत न आलेलं काहीतरी पोटात जातंय."

शास्त्राच्या अंगानं वाक्य बरोबर होतं. पण ज्या माणसानं पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्याला मी अफरातफर केलीत असं म्हटलं होतं. त्यांनी वही मिटली, फी दिली आणि गेले. पुढचे तीन आठवडे फोन नाही.

त्या अभ्यासातली माणसंही काही खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. हे मला ठाऊक होतं, बोलताना आठवलं नाही. शेवटी मीच फोन केला. माफी मागितली आणि सांगितलं, "वहीत खोट नाही. वहीतले दर कुठून आलेत ते बघूया."

'दर' या शब्दावर ते आले.

साठा तपासणी

कल्पना त्यांचीच. पतसंस्थेच्या ग्राहक भांडारात माल किती खपला हे विक्रीच्या पावत्यांवरून काढतात, तसंच सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा उरलेला साठा असंही काढतात. दोन्ही जुळले नाहीत तर पावत्यांत घोळ. हाच नियम त्यांनी स्वयंपाकघराला लावला.

घरात माणसं चार: ते, वहिनी, आई आणि बारावीतली मुलगी. शेंगतेलाचा १५ किलोचा डबा तीन महिने पुरतो. १५,००० ग्रॅम, ९० दिवस, चार माणसं. डोई रोज जवळजवळ ४२ ग्रॅम. वहीत तेल किती? "२ चमचे", म्हणजे नऊ-दहा ग्रॅम. आई कमी खातात, तळणीचं थोडं तेल फेकलं जातं, हे धरून आम्ही त्यांच्या वाट्याचं तेल ३० ग्रॅम ठरवलं. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. एवढ्या एका खात्यातच दिवसाला पावणेदोनशेच्या वर फरक निघाला.

मग भाकरी. अ‍ॅपमध्ये "ज्वारीची भाकरी, १ नग, १५० कॅलरी". वहिनींची भाकरी थापण्याआधी पीठ काट्यावर ठेवलं तर ७५ ग्रॅम भरलं, म्हणजे अडीचशेच्या आसपास. दिवसाला दोन. भाकरी हे काही माप नव्हे. विदर्भातली वेगळी, सोलापूरची पातळ कडक वेगळी, आमच्याकडची तळहाताएवढी जाड वेगळी. अ‍ॅपमधली भाकरी कुणाच्या चुलीवरची होती कोण जाणे.

दाण्याचं कूट हे तिसरं खातं. मेथी, वांगं, दोडका, काकडीची कोशिंबीर, सगळ्यांत ते पडतं. अ‍ॅपला "मेथीची भाजी, १ वाटी" एवढंच कळतं. वर ताटाच्या डाव्या बाजूची शेंगदाण्याची चटणी. ती वहीत कधीच नव्हती. कारण विचारलं तर भाऊसाहेब मनापासून चकित झाले. "तोंडी लावणं आहे ते. ते जेवण कुठंय?"

चहाचंही तसंच. संस्थेत दिवसाला तीन चहा, वहीत प्रत्येकी ४० कॅलरी. शिपाई सायीचं दूध वापरतो आणि साखर आधीच घालतो. प्रत्यक्षात ऐंशीच्या आसपास. आणि सोमवारचा उपवास. वहीत "उपवास, खिचडी, २५०". ऐंशी ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट, तूप, बटाटा मिळून ती बशी सहाशेच्या पुढे जाते. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण मी उच्चारली नाही. त्यांच्या आईंनीच उच्चारली.

खर्चाच्या रकान्यातली चूक मात्र त्यांच्या धंद्यातली निघाली, म्हणून ती त्यांना सगळ्यात जास्त लागली. सकाळी पाऊण तास चालल्यावर अ‍ॅप २५० कॅलरी "मिळवल्या" असं दाखवायचं आणि संध्याकाळी त्या खायला परवानगी द्यायचं. पण त्या पाऊण तासात नुसतं बसून जेवढ्या खर्च झाल्या असत्या, त्या २,२५० मध्ये आधीच धरलेल्या होत्या. "दुबार नोंद," ते पुटपुटले. अशी चूक त्यांनी ज्युनिअर क्लार्कला माफ केली नसती.

सगळं मिळून वहीतल्या १,४०० चे प्रत्यक्षात २,००० च्या वर जात होते. ८६ किलोंच्या बैठ्या माणसाचा खर्च जवळपास तेवढाच. आठ आठवडे काटा हलला नाही, यात कसलंच गूढ नव्हतं.

हे काम वरून वाटतं तितकं गोडीगुलाबीत झालं नाही. पीठ मोजायला, तेलाच्या बुधलीवर खुणा करायला मी वहिनींना न विचारताच भाऊसाहेबांकरवी निरोप दिला होता. त्या एक दिवस स्वतः केंद्रावर आल्या. "माझ्या स्वयंपाकाचा पंचनामा चाललाय, आणि मलाच ठाऊक नाही?" सकाळी सहाला उठून चौघांचे डबे करणाऱ्या बाईला आणखी एक काम, तेही चूक शोधण्यासाठी. आईंचं म्हणणं याहून सरळ: "आता भाकरी काट्यावर घालायची व्हय? सोनं हाय का ते?"

दुसरा निर्णय: वही खरी करून तेच धोरण

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग कॅलरीच खऱ्या. नीट मोजल्या की प्रश्न मिटला. भाऊसाहेबही तेच म्हणाले, आणि मीही मान डोलावली. जानेवारीत दर दुरुस्त करून खरोखरच्या १,४०० कॅलरी सुरू केल्या.

सहा आठवड्यांचा हिशेब असा. खर्च २,१५० धरला, तर तूट ७५०, बेचाळीस दिवसांची ३१,५००. अपेक्षित घट चार किलो. प्रत्यक्षात वजन ८६.१ वरून ८३.६ वर आलं. अडीच किलो. म्हणजे आता वही जवळजवळ अचूक असूनही पुन्हा तफावत.

ती कुठे गेली याचा माग त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यात सापडला. सकाळचं चालणं सोडून डिसेंबरमध्ये रोजची पावलं ६,१०० च्या आसपास होती, फेब्रुवारीत ३,८०० वर. सकाळचं चालणं चालूच होतं. बाकीच्या दिवसातली हालचाल आटली. फाइल आणायला स्वतः उठायचे, ते शिपायाला हाक मारू लागले. रविवारी गाडी धुवायचे, ती तशीच राहू लागली. त्यांनी ठरवून काही केलं नाही. कमी पगारात घर जसं आपोआप खर्च आवरतं, तसं शरीरानं आवरलं. उलट दिशेनंही हे घडतं. १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स लेव्हिन यांच्या गटानं १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. सगळ्यांना जादा खाणं सारखंच, पण चरबी कुणाची अर्ध्या किलोहून कमी वाढली, तर कुणाची चार किलोंच्या वर. फरक मुख्यतः व्यायामाबाहेरच्या, उठण्या-बसण्या-चुळबुळण्याच्या हालचालीचा होता.

'एका किलोला ७,७००' हा दरच मुळात स्थिर खात्यासाठी आहे. तो १९५८ च्या एका अमेरिकी डॉक्टरांच्या हिशेबातून आला आहे. एका पौंडाला ३,५०० कॅलरी. चरबीच्या गोळ्यात ऊर्जा किती, याचं ते उत्तर म्हणून ठीक. पण वजन उतरतं तसा खर्चही उतरतो, आणि ही गोष्ट त्या सूत्राला ठाऊक नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये हलत्या खर्चाचं गणित मांडलं. त्यानुसार खाण्यातली कपात तेवढीच ठेवली तरी घट हळूहळू मंदावते आणि नव्या पातळीला थांबते. भाऊसाहेबांच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सरळ व्याजाचा तक्ता लावला होता, आणि कर्जाचा दर दर महिन्याला बदलत होता.

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी. अडीच किलो उतरूनही कमरेचा घेर १०४ वरून १०३ झाला. एवढाच. खुर्चीवरून हात न टेकता तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, ही साधी चाचणी मी घेते. ते चौदावरून अकरावर आले. उतरलेल्या वजनात स्नायू होते, असा माझा अंदाज.

घरी चिडचिड वाढली होती. मार्चअखेर तोंडावर. आणि वहीत एक नवा बदल दिसत होता, तो मला उशिरा कळला. भाजी-भाकरीच्या जागी पाकिटं येत होती. चार वाजता "डायजेस्टिव्ह बिस्किटं, ४ नग", रात्री कधी "ओट्स, मसाला, १ पाकीट". का, तर त्यांचा आकडा छापलेला असतो. वहिनींना पीठ मोजायला लावावं लागत नाही, वाद नाही, नोंद बिनचूक. मोजण्याच्या सोयीसाठी माणूस घरचं अन्न सोडून कारखान्याचं खाऊ लागला होता.

आणि छापलेला आकडाही दगडावरची रेघ नव्हेच. प्रथिनाच्या आणि पिष्टाच्या ग्रॅमला चार, स्निग्धाच्या ग्रॅमला नऊ, हे सरासरी दर अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले, आणि लेबलं आजही त्यांवरच चालतात. पण २०१२ मध्ये बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १७० ऐवजी सुमारे १२९ कॅलरीच मिळाल्या. बाकीची चरबी न फुटलेल्या पेशींत अडकून बाहेर पडली. अख्खे दाणे आणि कूट वहीत एकाच दरानं लिहिले, तरी पोटात त्यांचा हिशेब सारखा होईलच असं नाही.

तिसरा निर्णय: किती याऐवजी काय

मार्चमध्ये दोन रस्ते होते. १,४०० रेटत राहायचं, किंवा आकडा वर नेऊन ताट बदलायचं. भाऊसाहेबांना दुसरा रस्ता पटेना. वजन कमी करायला खाणं वाढवायचं, हे त्यांच्या धंद्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी त्यांना हॉल यांचाच २०१९ चा प्रयोग सांगितला. वीस जणांना संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, दोन आठवडे साधं ताजं अन्न. पुढे ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू जुळवलेले. हवं तेवढं खा. पाकिटबंद आठवड्यांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि जवळजवळ किलोभर वाढले. ताज्या जेवणात तेवढेच उतरले. कुणी काहीही मोजत नव्हतं. कॅलरीचा नियम मोडला नाही, पण किती कॅलरी पोटात जाणार हे ताटात काय आहे त्यानं ठरवलं.

वहिनी या खेपेला पहिल्यापासून बैठकीत होत्या. निम्मे बदल त्यांनीच सुचवले. आमटी पातळ न करता घट्ट. दोन भाकऱ्यांऐवजी दीड, पण सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर. सकाळी दोन उकडलेली अंडी, सोमवारी त्याऐवजी दही. चार वाजता बिस्किटांच्या जागी फुटाणे आणि ताक. सोमवारी साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, तीही बेतानं. प्रथिनं ४५ ग्रॅमवरून ७५-८० वर गेली. प्रथिनांचा एक गुण असा की त्यांच्यातल्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग त्यांच्या पचनातच खर्ची पडतो. पिष्टाचा पाच-दहा टक्के, स्निग्धाचा त्याहून कमी. पण खरा फायदा भुकेत दिसला. रात्री अकराला डबा उघडणं थांबलं.

तेलासाठी एकच नियम: महिन्याला साडेतीन किलो वेगळ्या बरणीत काढायचं, ते पुरवायचं. मोजणं संपलं. चटणी राहिली. तिच्याबद्दल आईंशी वाटाघाटी करायची माझी छाती नव्हती.

आठवड्यातून तीन दिवस बैठका, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या कॅनचं वजन उचलणं. मुलीनं तक्ता केला.

आणि झोप. ही गोष्ट मी नोव्हेंबरमध्ये विचारली असती तर सहा महिने वाचले असते. वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, "ह्यांच्या घोरण्यानं मी बाहेरच्या खोलीत झोपते. मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, मग दचकून उठतात." डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगितली. झोपेत श्वास अडण्याचा मध्यम प्रकारचा त्रास निघाला. रात्री लावायचं हवेच्या दाबाचं यंत्र आलं. ते यंत्र काही वजन उतरवत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण दुपारी टेबलावर डुलक्या येणं आणि त्या घालवायला गोड चहा घेणं, ही साखळी तुटली. शिकागोतल्या २०२२ च्या एका अभ्यासात कमी झोपणाऱ्या ८० जणांनी रोजची झोप सरासरी सव्वा तासानं वाढवली, तर त्यांचं खाणं न सांगता दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं. वहीत झोपेचा रकाना नव्हता.

निष्पत्ती

एप्रिलात वजन ८३.६ वरून ८४.३ वर गेलं, आणि पुन्हा वही बाहेर आली. व्यायाम नवा असला की स्नायूंत पाणी धरतं, खाणं वाढवल्यावर ग्लायकोजेन परत भरतं. हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. त्याच महिन्यात कमरेचा घेर १०१ झाला होता, आणि खुर्चीची चाचणी पंधरावर. काटा वर, पट्ट्याचं भोक आत. भाऊसाहेबांनी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि खाली लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं.

त्या प्रश्नचिन्हासाठी मी त्यांना पुण्याचं उदाहरण दिलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला जोडीनं फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडे काट्यावर बारीक दिसणारी माणसंही पोटाला चरबी बाळगून असतात. म्हणून भारतीय पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात. रक्तातल्या साखरेचा संबंध काट्यापेक्षा त्या फितीशी जास्त.

सप्टेंबरअखेर वजन ८०.२, घेर ९५, एचबीएवनसी ५.८. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी निम्म्यावर आणली. दिवाळीनंतर वजन ८१.५ झालं, घेर तेवढाच राहिला. अ‍ॅपनं जूनमध्ये सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही ते गेले नाहीत, आणि ९० च्या मर्यादेला अजून पाच सेंटिमीटर आहेत.

रोजची वही बंद झाली. आता दर तिमाहीला चार दिवस मोजतात, त्यांच्या शब्दांत "नमुना तपासणी". त्यात यंदा पुन्हा कूट वाढलेलं सापडलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी फीत लावीन, आणि वजनाचा रोजचा आकडा न धरता आठवड्याची सरासरी धरीन. झोप, घोरणं आणि गोळ्या यांची चौकशी खाण्याच्या आधी करीन.

मोजणं सोडून द्या, असं मात्र मी सांगणार नाही. साठा तपासणी झाली नसती, तर तेलाचा पत्ता लागला नसता, आणि भाऊसाहेब आपलं शरीर जगावेगळं आहे असं समजून १,००० वर उतरले असते. पण दोन आठवडे मोजून दर कळल्यावर थांबायला हवं होतं. जानेवारी-फेब्रुवारीचे सहा आठवडे मी तेच हत्यार पुन्हा चालवलं, कारण ते हाताशी होतं आणि पेशंटला आवडत होतं. त्याची किंमत स्नायूंत गेली.

मेहुण्यांच्या पर्यायालाही मी जरा हलक्यात काढलं. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं ६०९ जणांना वर्षभर कमी स्निग्ध किंवा कमी पिष्ट अशा दोन वाटांवर ठेवलं, कॅलरी मोजायला न सांगता. सरासरी घट दोन्हींकडे पाच-सहा किलो, म्हणण्यासारखा फरक नाही. मात्र एकाच वाटेवरच्या माणसा-माणसांत प्रचंड फरक. मेहुण्यांना ती वाट मानवली असेल. भाऊसाहेबांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, एवढं कारण मला तेव्हाही पुरेसं होतं आणि आजही आहे.

आणि वहिनींना पहिल्याच भेटीत बोलवीन. घरातलं तेल, पीठ, कूट, नवऱ्याची झोप आणि सासूबाईंचा स्वभाव, यांतलं एकही खातं भाऊसाहेबांच्या वहीत नव्हतं. सगळी त्यांच्याकडे होती.

पुढच्या महिन्यात त्या स्वतःसाठी येणार आहेत. वही आणणार नाही, हे त्यांनी फोनवर आधीच सांगून ठेवलंय.